नसलेल्या पायाचा अंगठा

“रात्री दोनला उठतात आणि म्हणतात, अंगठा दाबून दे. आता तूच सांग, कुठला अंगठा दाबू मी?”

मामीने हे स्वयंपाकघरात विचारलं, आवाज अगदी खाली ठेवून. बाहेरच्या खोलीत मामा पलंगावर बसले होते. उजवा पाय गुडघ्याखाली जेमतेम वीतभर उरलेला. काढून सहा महिने झाले होते. मी कृत्रिम हातपाय बनवते. मुंबईला हाजी अलीच्या संस्थेत शिकले आणि गेली बारा वर्षं पुण्यात हेच काम करते. मामीच्या प्रश्नामागची भीती मी कितीतरी घरांत ऐकली आहे. म्हणून आधी तिला एवढंच सांगितलं, “मामी, त्यांना वेड लागलेलं नाही. हातपाय गेलेल्या दहा माणसांतल्या सहा ते आठ जणांना हे दुखणं होतं.”

“मग दवाखान्यात कुणी बोललं का नाही?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिथे पाय काढला तिथे सहीसाठी कागद पुढे केले, रक्ताच्या पिशव्यांचं सांगितलं, बिलाचं सांगितलं. काढलेला पाय पुढेही तिथेच असल्यासारखा वाटेल आणि दुखेलही, एवढं एक वाक्य कुणी उच्चारलं नाही. ते वाक्य वेळेवर कानावर पडलं असतं, तर मामांनी सहा महिने ही गोष्ट बायकोखेरीज सगळ्यांपासून लपवली नसती. माझ्यापासूनसुद्धा लपवली.

बाहेर आले तर मामांच्या हातात फोन तयार होता.

“हे बघ. हा ह्यू हेर. अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक आहे. १९८२ साली, पोरगाच होता, डोंगरावर बर्फाच्या वादळात अडकला आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. याने स्वतःचे पाय स्वतः बनवले आणि परत कडे चढायला लागला. मला असला पाय पाहिजे. घोट्यात मोटर असलेला.”

मामा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते, अडतीस वर्षं. दोन थाऊचा फरक त्यांना बोटाने कळतो. अशा माणसाने यंत्राच्या पायाकडे डोळे लावून बसावं यात नवल नाही.

“मामा, मी तुम्हाला जयपूर फूट लावायचं म्हणतेय.”

“रबराचा?”

“रबराचा.”

“कधीचा आहे तो?”

“१९६८च्या सुमाराचा.”

“म्हणजे मी पहिलीत होतो तेव्हाचा. तेव्हाचं एकही मशीन आमच्या टूलरूममध्ये उरलं नव्हतं.”

मी त्यांना त्या पायाची गोष्ट सांगितली, कारण ती एका कारागिराची आहे. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे हस्तकला शिकवणारे मास्टरजी होते. शाळा फारशी शिकलेले नव्हते. तिथे पाय गेलेल्या लोकांना परदेशी घडणीचे लाकडी पाय मिळत. त्या पायांवर बूट घालावा लागे, गुडघा मुडपून उकिडवं बसता येत नसे, बूट घालून देवळात जाता येत नसे, शेतातल्या पाण्यात तो पाय फुगे. लोक पाय घरी नेत, कोपऱ्यात उभा करून ठेवत आणि कुबड्या घेत. मास्टरजींनी हे पाहिलं आणि अनवाणी चालेल असा पाय करायला घेतला. टाच आणि चवडा स्पंजसारख्या रबराचा, घोट्यात लाकडाचा ठोकळा, वरून टायरला लावतात तसल्या रबराचं वेष्टण, आणि सगळं साच्यात घालून भट्टीत शिजवलेलं. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी त्याला वैद्यकाची बाजू दिली. १९७५पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो पाय फुकट लावते.

“सुधा चंद्रन नाचली ती याच पायावर,” मामी दारातून म्हणाली. “तो पिक्चर आम्ही दोघांनी पाहिलाय.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माणूस मोठा होता. पण मला सांग, त्या लाकडी पायाकडे बघून त्यांनी ‘चालतंय की, एवढं पुरे’ म्हटलं असतं तर? त्यांनी म्हटलं नाही. तू मात्र आज त्यांच्याच पायाकडे बघून तेच म्हणतेस.”

“मी तसं म्हणत नाहीये. मोटरचा पाय चार्ज करावा लागतो. त्याला पाणी चालत नाही, किंमत लाखांत जाते आणि बिघडला तर—”

“तर दुरुस्त करणारे तयार करा! आम्ही जर्मन मशीनं उघडून शिकलो. ‘आपल्या लोकांना झेपेल असं’ म्हणून कुणीतरी आपल्यासाठी एक उंची ठरवून ठेवतं आणि त्याच्यावर आपण मान वर करायची नाही. मला दया नको. मला चांगलं काम पाहिजे.”

हे वाक्य मला लागलं. शिबिरांत दिवसाला कितीतरी पाय बसवले जातात तेव्हा आलेल्या माणसाला ‘तुला काय हवंय’ हे विचारायला वेळ नसतो, हे मी पाहिलं आहे. तरी माझं म्हणणं मी सोडलं नाही, आणि आजही सोडलेलं नाही. पाय कुठलाही लावा, माणूस उभा राहतो तो सॉकेटवर.

“मामा, शाफ्ट कितीही भारी आणला आणि बेअरिंगमध्ये प्ले असला तर?”

ते थांबले. “तर थडथडणार.”

“सॉकेट म्हणजे ते बेअरिंग. तुमच्या उरलेल्या पायावर मी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या गुंडाळणार, त्याचा साचा काढणार, आणि मग तो साचा कानशीने घासणार. नडगीच्या हाडावर आणि बाहेरच्या हाडाच्या डोक्यावर भर टाकायची, म्हणजे तिथे सॉकेट टेकत नाही. गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेपाशी प्लास्टर घासून कमी करायचं, म्हणजे तुमचं वजन तिथे बसतं. तिथलं मांस भार सोसतं, नडगी सोसत नाही. यात दोन-तीन मिलिमीटर चुकले की आठवड्यात जखम. आणि तुमच्या शुगरमध्ये जखम म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.”

“हे तू हाताने करतेस?”

“हाताने.”

“मग आधी हे दाखव. मोटरचं नंतर बघू.” पण फोन त्यांनी बंद केला नाही.

त्यांनी मग मला दुसरी चित्रफीत दाखवली, आणि इथे मला मान्य करावं लागलं की मामांनी वाचन केलं होतं. हेर यांच्या गटाने पाय काढण्याची शस्त्रक्रियाच वेगळी केली आहे. पाऊल वर ओढणारा आणि खाली ढकलणारा, असे दोन स्नायू एरवी जोडीने काम करतात. नेहमीच्या शस्त्रक्रियेत ही जोडी तुटते. त्यांनी ती टोकं पुन्हा एकमेकांना जोडली, म्हणजे एक आखडला की दुसरा ताणला जातो आणि पाऊल हललं ही खबर मेंदूला मिळते. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशी शस्त्रक्रिया झालेले ७ जण, तोच यांत्रिक पाय लावलेल्या दुसऱ्या ७ जणांपेक्षा सुमारे ४१ टक्के जास्त वेगाने चालू शकले.

“बघ,” मामा म्हणाले, “वायर तोडली तर टोकाला काहीतरी करायला लागतं. उघडी ठेवली तर ठिणग्या उडणारच. माझ्या नसा उघड्या ठेवल्यात. म्हणून हे दुखतंय.”

अर्धं खरं होतं. तोडलेली नस पुन्हा वाढू बघते, पुढे जायला वाट नसते, मग टोकाला गाठ धरते. त्या गाठीवर दाब आला की वीज गेल्यासारखं होतं. आता काही शल्यचिकित्सक ते टोक जवळच्या एखाद्या स्नायूच्या बारीक नसेला जोडून देतात, म्हणजे नसेला जायला ठिकाण मिळतं. ही पद्धत शिकागोच्या टॉड कुइकेन यांनी खरं तर यांत्रिक हात चालवता यावा म्हणून काढली. तिने दुखणंही कमी होतं असं नंतर ध्यानात आलं, आणि २०१९मध्ये अमेरिकेत २८ जणांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासातही तसंच दिसलं.

“पण मामा, मला नीट सांगा. कुठे दुखतं? उरलेल्या टोकावर, की पायात?”

“पायात. अंगठ्यात. नख शेजारच्या बोटात रुतलंय आणि अंगठा सुटत नाही.”

“तो आधीही असाच दुखायचा?”

मामी पुढे आली. “शेवटचे दोन महिने. काळा पडला होता तेव्हा. बाहेरून खिळा टोचलेला यांना कळला नाही, आणि आतून रात्रभर आग.”

मधुमेहाचा पाय असाच असतो. बाहेरचं जग त्याला कळेनासं होतं आणि आतली जळजळ मात्र वाढत जाते. पाय काढण्याआधी महिनोन्‌महिने जे दुखणं होतं, तेच दुखणं तसंच्या तसं पुढे चालू राहिल्याचं अनेक जण सांगतात. मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी यावर पुष्कळ काम केलं. मी मामांना म्हटलं, “ही पायाची आठवण आहे, मामा. मेंदूने ती धरून ठेवली आहे.”

“आठवण नाही.” ते जवळजवळ ओरडले. “आठवण मागची असते. हा आत्ता आहे. तू बोलतेस ना समोर, तसा आहे. चादर त्याच्यावर पडली की मी दचकतो.”

मी या कामात ‘आठवण’ हा शब्द बारा वर्षं वापरला. त्या दिवसापासून वापरत नाही.

सोळाव्या शतकात फ्रान्सच्या लढायांमध्ये जखमींचे हातपाय कापणाऱ्या आंब्रवाज पारे या शल्यवैद्याने हे लिहून ठेवलं होतं, की कापलेल्या भागात दुखतं म्हणून माणसं तक्रार करतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार केलेले सायलस वेअर मिचेल यांनी १८७१मध्ये याला ‘फँटम लिंब’ असं नाव दिलं. ते नाव मामीसमोर मी मुद्दाम घेत नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ लगेच भुताकडे जातो आणि मग बाहेरची बाधा, उतारा, सगळं सुरू होतं.

मामांना मात्र मेंदूतल्या नकाशाबद्दल ऐकायचं होतं. शरीराच्या प्रत्येक भागाला मेंदूच्या पृष्ठभागावर आपापली जागा असते. हाताची जागा चेहऱ्याच्या शेजारी आहे. तमिळनाडूत जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हात गेलेल्या माणसांच्या गालावर कापसाची काडी फिरवली, तर ती त्यांना गेलेल्या हातावरही जाणवली. त्यातून असं मत झालं, की रिकाम्या झालेल्या जागेत शेजारी शिरतो. आम्ही हेच शिकलो. पण टॅमर मेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वेगळंच दाखवलं. हात काढण्याच्या आधी आणि नंतर त्याच माणसांचे मेंदू तपासलेला त्यांचा अभ्यास २०२५मध्ये आला. माणसं तीनच होती, पण तिघांच्याही मेंदूत हाताचा नकाशा होता तसाच राहिलेला दिसला.

मामांनी मान हलवली. “म्हणजे पार्ट भंगारात गेला, ड्रॉइंग कपाटात आहे.”

“हो. तसं दिसतंय.”

“मग ते ड्रॉइंग तू कशाला फाडायला निघालीस?”

“मी कुठे—”

“निघालीस. मघापासून म्हणतेस, गोळी घेऊ, हे घालवू, ते घालवू. दुखणं घालव. पाय राहू दे.”

इथे आमचा खरा वाद सुरू झाला. आमच्या फॉर्मवर एक ओळ असते, गेलेला अवयव जाणवतो का, हो की नाही. आम्ही ‘हो’ लिहितो ते तक्रार म्हणून. मी मामांना सांगितलं की पुष्कळांच्या बाबतीत तो पाय हळूहळू आखूड होतो, पाऊल वर सरकत गुडघ्यापाशी येतं, आणि काहींचा पुसटही होतो. मला वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल.

“नको,” ते म्हणाले. “सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मी तो आहे का बघतो. असला की उभं राहता येईल असं वाटतं. तुझ्या रबरात मी काय घालणार आहे? हे थोटूक? थोटूक गुडघ्यापाशी संपतं. चालायला पाऊल लागतं. ते पाऊल माझ्याकडे आहे.”

ऑलिव्हर सॅक्स या न्यूरॉलॉजिस्टने १९८५च्या आपल्या पुस्तकात अशा माणसांबद्दल लिहिलं आहे, जी सकाळी कृत्रिम पाय चढवण्याआधी आपला नसलेला पाय जागा करून घेतात. मी ते वाचलं होतं, एक विलक्षण हकिकत म्हणून. माझ्या समोर बसलेला माणूस तेच त्याच्या रोजच्या भाषेत सांगत होता आणि मी त्याला गोळीचं नाव सांगत होते. गोळ्या लागतात. त्याही घ्याव्यात, डॉक्टर देतील त्या घ्याव्यात. पण दुखणं आणि पाय या दोन गोष्टी मी एकाच ओळीत लिहीत आले होते.

आरशाचं मी त्याच दुपारी काढलं. कपाटाच्या दाराचा जुना आरसा माळ्यावर होता, मामीने पुसून आणला. पलंगावर दोन्ही पायांच्या मध्ये तो उभा धरला, डाव्या पायाकडे तोंड करून. उजवं थोटूक आरशाच्या मागे. बघणाऱ्याला डाव्या पायाचं प्रतिबिंब नेमकं उजव्या पायाच्या जागी दिसतं. ही युक्तीही रामचंद्रन यांचीच.

“याने काय होणार?” मामा म्हणाले.

“२००७मध्ये अमेरिकेत पाय गेलेल्या १८ सैनिकांवर करून पाहिलं. सहा जणांना आरसा, सहा जणांना कापडाने झाकलेला आरसा, सहा जणांना नुसतं डोळे मिटून कल्पना करायला सांगितलं. चार आठवड्यांनी आरशावाल्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं होतं. झाकलेल्या आरशावाल्यांत एकाचंच. आणि नुसती कल्पना करणाऱ्यांत चौघांचं तर वाढलं.”

“१८ नगांवर मी काम पास केलं नसतं.”

“करूही नये. नंतरचे अभ्यास काही ‘हो’ म्हणतात, काही म्हणत नाहीत. पण मामा, याला चार्जिंग लागत नाही.”

त्यांनी डाव्या पायाची बोटं हळूहळू पसरली. आरशात उजव्या पायाची बोटं पसरली. परत मिटली, परत पसरली. हात जोडून उभं राहावं तशी मामी उभी होती. दहा मिनिटं कुणी बोललं नाही.

“अंगठा नाही सुटला,” मामा म्हणाले. “शेजारचं बोट सुटलं.”

मामी एकदम खाली बसली आणि तिने त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा दाबायला घेतला, डोळे आरशावर ठेवून. मी तिला शिकवलं नव्हतं. मामा तिच्याकडे पाहत नव्हते, तेही आरशात पाहत होते.

जाताना मी त्या दोघांना एक गोष्ट रागावून सांगितली, आणि ती सगळ्याच घरांत रागावून सांगते. मधुमेहाने एक पाय गेलेल्या माणसाचा दुसरा पाय सगळ्यांत जास्त धोक्यात असतो. त्याच्यावर आता दुप्पट भार येतो, आणि त्यालाही खिळा कळत नाही. रोज रात्री हातातला छोटा आरसा डाव्या तळव्याखाली धरायचा, बोटांच्या बेचक्या पाहायच्या, टाच पाहायची. लाल दिसलं तरी फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही.

“म्हणजे दोन आरसे,” मामी म्हणाली. “एक असलेल्या पायाला, एक नसलेल्या.”

सॉकेट तयार झालं तेव्हा मामा माझ्या वर्कशॉपमध्ये आले. पट्टीने साचा मोजून बघितला, कानशीच्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि मला एक जागा दाखवली जिथे मी खरंच कमी घासलं होतं. भिंतीवर मी एक छापील चित्र लावलं आहे, इजिप्तमधल्या थीब्सच्या एका ममीच्या पायात सापडलेला लाकूड आणि चामड्याचा अंगठा. सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा, आता कैरोच्या संग्रहालयात आहे. तीन तुकडे शिवून जोडलेत म्हणजे तो वाकावा. मामा त्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते, कुबडीवर रेलून. “वापरलाय,” म्हणाले. “झिजलाय बघ. ज्याने केला त्याला फिटिंग येत होतं.”

दुखणं गेलं का? नाही. कमी झालंय. रात्री दोनचं चारवर गेलंय, काही रात्री येत नाही. मोटरच्या पायाचं त्यांनी सोडलेलं नाही. वायरच्या टोकाच्या शस्त्रक्रियेसाठी एका शल्यचिकित्सकाची वेळ घेतली आहे, आणि मी बरोबर जाणार आहे. तिथे मी त्यांच्या बाजूने बोलणार आहे.

त्या दिवशी सॉकेट चढवून ते समांतर दांड्यांमध्ये उभे राहिले. खाली रबराचं पाऊल मी अजून घट्ट केलं नव्हतं. नेहमीच्या सवयीने डाव्या पायाकडे बघून मी ते किंचित बाहेर वळवलं आणि पाना उचलला. मग थांबले.

“मामा, आत्ता तुमचा पाय कुठे आहे?”

त्यांनी खाली पाहिलं नाही. समोर भिंतीकडे बघत म्हणाले, “तू लावलाय त्याच्या आतल्या बाजूला. याच्यात बसत नाहीये.”

मी पाऊल आत वळवलं.

“जास्त झालं. सूतभर बाहेर.”

सूतभर बाहेर.

“अजून अर्धं.”

मी अर्धं वळवलं. त्यांनी दांडीवरची पकड सैल केली.

“हां. गेला आत.”

मी नट आवळला.